रीकवरचा घसारा

"७६४ मीटर म्हणजे काय गं, सिंहगडाच्या निम्म्याच्या जरा वर," असं मी आयर्लंडमध्ये गॉलवेला लेकीच्या स्वयंपाकघरात दशम्या लाटता लाटता म्हणाले. ते ह्यांनी ऐकलं, आणि पुढचे दोन दिवस तेच वाक्य मला माझ्याच आवाजात परत परत ऐकवलं.

माझं तरी काय चुकलं? गेली अठरा वर्षं मी दर रविवारी आतकरवाडीतून सिंहगड चढते. राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड झालेत. शाळेतून निवृत्त झाल्यावर तर जोर वाढलाय. लेक म्हणाली, "आई, मेयो काउंटीतला क्रोह पॅट्रिक करू या, तिथे लोक अनवाणी चढतात." म्हणजे तो तिथल्या आजीबाईंचा डोंगर असणार, असं मी गृहीत धरलं. सिंहगड १३१२ मीटर खरा, पण पुणंच मुळात साडेपाचशेच्या पुढे आहे आणि आतकरवाडी त्याहूनही वर. इथे पायथ्याच्या मुरिस्क गावात गाडी लावली की समोर समुद्र. ७६४ म्हणजे तिथे पुरते ७६४. शून्यापासून. हे गणित मला चढाच्या मध्यावर, दम खात बसल्यावर सुचलं.

२०१९ चा जून होता. आदल्या संध्याकाळी गॉलवेहून वेस्टपोर्टला निघालो तेव्हा वाटेत बॅलिनरोब लागलं. जावयाने गाडी जरा हळू केली आणि म्हणाला, "आई, बॉयकॉट हा शब्द इथला." लॉर्ड अर्नच्या जमिनींचा कारभारी कॅप्टन बॉयकॉट याच्याशी १८८० साली इथल्या कुळांनी बोलणंचालणं, देणंघेणं, कामधाम सगळं बंद केलं. दुकानदार सामान देईना, गडी शेतात जाईना. त्याचं पीक काढायला बाहेरून माणसं आणावी लागली आणि त्यांच्या राखणीला फौज. तिथून पंचवीस वर्षांनी लोकमान्यांनी आपल्याकडे बहिष्काराची हाक दिली. मी आयुष्यभर मुलांना स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार, राष्ट्रीय शिक्षण ही चतुःसूत्री पाठ करून घेतली, पण इंग्रजी शब्दामागचा माणूस असा बटाट्याच्या शेतांमध्ये भेटेल असं कधी वाटलं नव्हतं.

वेस्टपोर्ट गाव देखणं आहे. मधून दगडी काठांची छोटी नदी, दुतर्फा झाडं, रंगीत दारांची घरं. एका घरगुती मुक्कामाच्या जागी उतरलो होतो. सकाळी न्याहारीला मालकीणबाईंनी कुठून आलात विचारलं. महाराष्ट्र म्हटल्यावर त्यांचा चेहरा कोराच राहिला, मुंबईजवळ म्हटल्यावर खुलला. "म्हणजे लिओचे वडील तिथलेच ना!" लिओ म्हणजे वराडकर, तेव्हाचे आयर्लंडचे पंतप्रधान. मग आमचं शिकवणं सुरू: त्यांच्या वडिलांचं गाव मालवण तालुक्यातलं वराड, त्या गावचे म्हणून वराडकर, आमच्याकडे गावाला 'कर' लावला की आडनाव तयार. बाई एकदम म्हणाल्या, "मग मी वेस्टपोर्टकर!" आणि दुपारी कोणालातरी सांगायला मिळालं म्हणून खूश झाल्या. त्यांनीच खिडकीबाहेर बघून हवामानाचा निकाल दिला: "सॉफ्ट डे." बाहेर भुरभुर चालू होती. आपण ज्याला पाऊस म्हणतो त्याला हे लोक मऊ दिवस म्हणतात, हे मला फार आवडलं. संध्याकाळी तेवढं आवडत नव्हतं.

ह्यांच्या गुडघ्यामुळे ते खालीच थांबणार होते, जावई त्यांच्या सोबतीला. आम्ही मायलेकी निघालो. पायथ्याशी काठ्या मिळतात. लेक म्हणाली घे, मी म्हटलं कशाला. नंतर मात्र वाटेकडेची एक वाळकी फांदी उचलली आणि सवयीने पुढचं गवत बडवत चालू लागले. लेक हसायला लागली. "अगं आई, इथे साप नाहीत! अख्ख्या देशात नाहीत." सांगतात की संत पॅट्रिकने ४४१ साली या डोंगरावर चाळीस दिवस उपास केला आणि इथूनच घंटा फेकून सगळे साप समुद्रात हाकलले. खरं कारण बर्फाचं. हिमयुग सरल्यावर बर्फ वितळला, समुद्र चढला आणि साप इथवर सरपटत येण्याआधीच हे बेट तुटून वेगळं झालं. पण अठरा वर्षांची सवय, हात काही ऐकेना. मी बिनसापाच्या देशात शेवटपर्यंत गवत बडवलं.

सुरुवातीलाच पॅट्रिकचा पांढरा पुतळा आहे, १९२८ चा. बरेच लोक तिथवर येतात, फोटो काढतात आणि परततात. त्यांना मी मनात नावं ठेवली. पुढे ओढ्याच्या काठाने वाट वर जाते, वाट कसली, ओढाच वाटेत शिरलेला. आजूबाजूला दलदलीची जमीन, त्यात बोंडातून कापूस फुटावा तसे गवताचे पांढरे तुरे, आणि पाठीवर निळालाल रंग फासलेल्या मेंढ्या. कुठली कोणाची हे कळावं म्हणून रंग. माणदेशात आमच्याकडे धनगर मेंढीच्या कानाला खूण करायचे, ते आठवलं.

इथे स्थानिक लोक डोंगराला क्रोह पॅट्रिक म्हणतच नाहीत. 'द रीक' म्हणतात. जुलैचा शेवटचा रविवार म्हणजे रीक संडे, त्या दिवशी हजारो माणसं चढतात. देशभरातले डोंगर-बचाव पथकांचे स्वयंसेवक स्ट्रेचर घेऊन जागोजागी उभे राहतात, कारण दरवर्षी घोटे मोडतात. ख्रिस्ती होण्याआधीपासून हा डोंगर पूजतात असं म्हणतात, त्या काळी पिकाच्या हंगामाचा सण असायचा. आमच्याकडे पालख्या निघायला तेव्हा जेमतेम आठवडा उरला होता. आषाढात आपली माणसं पंढरीची वाट चालतात आणि त्याच सुमाराला ही माणसं हा डोंगर. फरक एवढाच की वारीत वाटेवर चहा मिळतो.

उतरणाऱ्या प्रत्येकाला "किती राहिलं?" विचारायचं नाही असं मी ठरवलं होतं, तरी विचारलंच. उत्तर एकच: "यू आर नियरली देअर." हे मला तीन वेगवेगळ्या उंचींवर तीन वेगवेगळ्या माणसांनी सांगितलं. आपल्याकडचं "हे काय, आलंच की" ते हेच. डोंगरावर खोटं बोलायची पद्धत सगळीकडे सारखी असावी.

खिंडीत पोचल्यावर वाट थोडी सपाट होते आणि उजवीकडे शेवटचा सुळका उभा राहतो. पायथ्याहून तो सुबक शंकूसारखा दिसतो, इथून मात्र करड्या दगडांचा ढीग. त्याच्या तळाशी प्रार्थनेचं पहिलं ठाणं, लाख्त बेनॉन नावाचा दगडांचा ढिगारा. फलकावर विधी लिहिलाय: सात वेळा फेरी मारायची, प्रार्थना म्हणत. शिखरावर चर्चभोवती पंधरा फेऱ्या. एक सत्तरीचे गृहस्थ तिथे अनवाणी फिरत होते. पाय थंडीने लाल झालेले, हातात बुटांची जोडी. मी एका बाजूने निघाले तर त्यांनी हळूच खूण केली, "देशल, देशल." म्हणजे सूर्याच्या दिशेने, उजवं अंग मधल्या ढिगाऱ्याकडे ठेवून. मी आपोआप तशीच निघाले होते, त्यांनी फक्त मान डोलावली. तो शब्द मात्र डोक्यात अडकला. मी शाळेत मराठीबरोबर संस्कृतही शिकवलंय. जुन्या आयरिशमध्ये 'देस' म्हणजे उजवा. आपला 'दक्षिण' आणि त्यांचा 'देस' एकाच मुळाचे. म्हणजे ते 'देशल' आणि आपली प्रदक्षिणा हे भाषेच्या दृष्टीने चुलतभाऊ. लेकीला सांगितलं तर म्हणाली, "आई, आधी पाय बघ खाली."

बरोबर होतं तिचं. पुढे जे सुरू झालं त्याला सह्याद्रीत आपण घसारा म्हणतो. पण आपला घसारा मुरमाचा, बारीक खड्यांचा, वाळक्या गवताचा. इथे तळहाताएवढ्या, ताटाएवढ्या गारगोटीच्या फरशा, एकावर एक रचलेल्या नाहीत तर ओतलेल्या. पाऊल टाकलं की दगड निघतो, तुमच्यासकट खाली येतो आणि मागच्या माणसाला सांगून जातो. गिरवलेले सगळे धडे इथे उलटे पडले. मी चवड्यावर जोर देऊन चढत होते, त्यामुळे दोन पावलं वर, एक खाली. शेवटी हातांनी चढले. अनवाणी आजोबा माझ्या पुढे गेले. त्यांच्यामागून दहा वर्षांची एक पोरगी गेली. वाळकी फांदी केव्हाच मोडली होती. (२०२१ पासून त्या सुळक्यावर डोंगराचेच दगड बसवून वाट बांधायचं काम झालं. मला ते दोन वर्षं आधी हवं होतं.)

माथ्यावर ढग. नुसता ढग. या डोंगरावरून क्ल्यू बे दिसतो म्हणून लोक येतात, मला स्वतःची लेक चार हातांवर दिसत नव्हती. १९०५ सालचं छोटं पांढरं चर्च मध्येच धुक्यातून उगवलं. बांधताना सामान गाढवांवरून वर आणलं होतं. त्या गाढवांबद्दल मला त्या क्षणी अतोनात आदर वाटला. चर्च बंद होतं, एरवी बंदच असतं. वारा इतका की भिंतीच्या आडोशालाही डबा उघडवेना. थंडी जावी म्हणून मी फेऱ्या घालायला सुरुवात केली. श्रद्धेने नाही, गारठ्याने. पाच झाल्या, सहावीला बोटं बधिर. उरलेल्या दहा त्या आजोबांच्या नावे जमा करून टाकल्या. याच डोंगरात १९८०च्या दशकात सोनं सापडलं होतं, पण लोकांनी खाण होऊ दिली नाही. हे लेकीने वाऱ्यात ओरडून सांगितलं. त्या वेळी कोणी सोन्याऐवजी शेकोटी देतो म्हणालं असतं तर मी विचार केला असता.

उतरणं हा खरा प्रकार. सह्याद्रीत असा उतार आला की मी सरळ बसते आणि घसरत येते. पँट फाटते पण माणूस शाबूत राहतो. इथे बसले आणि बाजूची एक फरशी निघून माझ्या पोटरीला लागून गेली. ओरडले. मग उठताना पाय गेला आणि चांगली तीन-चार हात खाली आले. लागलं विशेष नाही, पण पाय थरथरायला लागले आणि एक लाजिरवाणी गोष्ट सांगते, डोळ्यांत पाणी आलं. लेक खालून वर यायला निघाली तर तिच्या पायाखालचेही दगड निघायला लागले. मी तिला थांब म्हटलं. आता आम्ही दोघी वेगवेगळ्या ठिकाणी अडकून उभ्या.

मागून एक बाई आल्या. माझ्याच वयाच्या, कदाचित मोठ्याच, डोक्याला रुमाल, हातात दोन काठ्या. काही न विचारता त्यांनी एक काठी माझ्या हातात दिली. मग करून दाखवलं: टाच आधी रोवायची, बोटं नाही. दगड हलला तर हलू द्यायचा, त्याच्यावर भांडायचं नाही, तो थांबला की पुढची टाच. अंग मागे रेलायचं नाही, काठी खाली आधी रोवायची. आणि सरळ नाही, नागमोडी. त्या पुढे, मी त्यांच्या पावलांवर, लेक माझ्या मागे. अर्धा तास आम्ही तिघी एक शब्द न बोलता उतरलो. त्या किती वेळा चढल्यात विचारलं तर म्हणाल्या, मोजणं सोडून दिलंय. त्या खालच्याच गावच्या.

खिंडीत आलो आणि ढग वर राहिला. खाली अख्खा क्ल्यू बे. हिरव्या बेटांची रांगच रांग. वर्षाच्या दिवसांइतकी ३६५ बेटं आहेत असं इथले लोक अभिमानाने सांगतात, मोजली तर कितीतरी कमी भरतात. हिमनदीने सोडलेल्या मातीच्या टेकड्या, समुद्र वाढल्यावर अर्ध्या बुडालेल्या. समुद्राकडची बाजू लाटांनी कापलेली, जमिनीकडची गुळगुळीत. त्यातलं एक बेट १९६७ साली जॉन लेननने विकत घेतलं होतं. खाडीच्या तोंडाशी क्लेअर आयलंड, ग्रॅनुएलचं. सोळाव्या शतकातली ही बाई इथल्या जहाजांकडून वसुली करायची. तिची १५९३ साली राणी एलिझाबेथशी समोरासमोर भेट झाली. आपल्या कान्होजी आंग्र्यांशी तिचं जमलं असतं.

तिथे डबा उघडला. काठीवाल्या बाईंना एक दशमी आणि शेंगदाण्याची चटणी दिली. दशमी त्यांनी भाकरी मोडावी तशीच मोडली. चटणी खाल्ल्यावर त्या थोडा वेळ समुद्राकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "गुड." आणि पाणी मागितलं.

खाली आलो तर हे आणि जावई पबमध्ये सूप पिऊन, वाळून, गरम होऊन बसलेले. "सिंहगडाचा निम्मा," ह्यांनी सुरुवात केली. माझी पोटरी बघितली आणि गप्प बसले.

रस्त्याच्या पलीकडे समुद्राकाठी १४५७ सालच्या मठाचे अवशेष आहेत आणि त्याच्या अलीकडे ब्राँझचं एक जहाज. लांबून नुसतं शिडाचं जहाज वाटतं. जवळ गेल्यावर दिसतं की दोरखंडांच्या जागी माणसांचे सांगाडे आहेत, एकमेकांत गुंतलेले. १८४५ पासूनच्या दुष्काळाचं राष्ट्रीय स्मारक, १९९७ चं. बटाट्यावर करपा पडला, सलग काही वर्षं पीक गेलं, दहा लाखांच्या आसपास माणसं मेली आणि तितकीच जहाजांत बसून गेली. त्या जहाजांना शवपेट्यांची जहाजं म्हणायचे. आयर्लंड बेटाची लोकसंख्या १८४१ ला जितकी होती तितकी आजवर परत झालेली नाही.

मी तिथे जरा जास्त वेळ उभी राहिले. माझं माहेर माण तालुक्यातलं. १९७२ ला मी दहा वर्षांची होते. आई खडी फोडायला जायची. बोटांना चिंध्या गुंडाळून, डोक्यावर पदर, हातोडी. संध्याकाळी खडीचं माप घ्यायचे, त्यावर मजुरी. घरी मिलोची लाल भाकरी, शाळेत सुकडी. सुकडी आम्हाला आवडायची, हे आईला सांगितलं की ती दुसरीकडे बघायची. जावयाने सांगितलं की इथेही दुष्काळात सरकारने लोकांना खडी फोडायला आणि रस्ते करायला लावलं होतं. फुकट दिलं तर माणूस आळशी होईल, ही भीती. उपाशी माणसांनी बांधलेले काही रस्ते डोंगरात मध्येच संपतात, कुठेच जात नाहीत. मला आमच्याकडचे पाझर तलाव आठवले. निदान त्यांत पुढे पाणी तरी साठलं, काहींत.

परतताना आम्ही मुद्दाम लांबचा रस्ता घेतला, लुईसबर्ग, मग डूलॉ खोरं, मग लीनान. डूलॉ म्हणजे काळं तळं. दोन्ही बाजूंना उघडे डोंगर, मधे ते लांबट काळं पाणी, घर एक नाही. रस्त्याकडेला एक साधा दगडी क्रूस आहे. १८४९ च्या मार्चअखेर लुईसबर्गला मदतीच्या आशेने शेकडो उपाशी माणसं जमली होती. तपासणी करणारे अधिकारी पुढे निघून गेले होते, आणि लोकांना सांगण्यात आलं की सकाळी डेल्फी लॉजला हजर व्हा, नाहीतर मदत बंद. बारा मैल. रात्रभर, थंडीपावसात, ते या खोऱ्यातून चालले. तिथे काही मिळालं नाही. परतताना किती जण वाटेत पडले यावर एकमत नाही. क्रूसावर ओळी कोरल्यात आणि खाली नाव: महात्मा गांधी. आपल्याच भाऊबंदांना कमी लेखण्यात माणसाला मोठेपणा कसा वाटतो, अशा अर्थाचं ते वाक्य. मेयोच्या एका निर्मनुष्य खोऱ्यात. ह्यांनी टोपी काढली. कोणी काही बोललं नाही.

रात्रीचे आठ वाजून गेले होते, उजेड मात्र दुपारसारखा. जूनमध्ये तिथे दहा वाजून गेले तरी सूर्य मावळत नाही. मला भयंकर भूक लागली होती. डब्यात तीन दशम्या उरल्या होत्या. पण तिथे झाकण उघडायला हात होईना. लेकही काही म्हणाली नाही. लीनान आलं, किलरीची खाडी दिसायला लागली, तेव्हा गाडी कडेला घेतली आणि डबा उघडला.

"तीनच?" हे म्हणाले. "चार होत्या ना सकाळी?"

"एक वेस्टपोर्टकरीण समज," मी म्हटलं. "काठीच्या भाड्यात गेली."